बोलके बाहुले आणि बोलविते धनी



या व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या वहीत आमच्या नावापुढे 'कामगार कायद्यांतील बदल' असा विषय आधीच लिहिलेला होता. आम्ही त्यांना चहा दिला आणि म्हटले, "या विषयावर आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या गेटांवर बोलत आलो आहोत. वसंत ऋतूत, शिवमंदिराच्या शेजारी, संध्याकाळच्या वेळी तरी लोकांना दुसरे काही ऐकू द्या." त्यांनी विचारले, "मग कशावर बोलणार?" आम्ही म्हणालो, "बाहुल्यांवर." चिटणीस गृहस्थ सभ्य आहेत. ते हसले नाहीत. त्यांनी 'कायदा' या शब्दावर रेघ मारली आणि 'बाहुल्या' असे लिहिले. परंतु जाताना उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलेच, "साहेब, म्हणजे नक्की बाहुल्याच ना?"

तर, नक्की बाहुल्याच. आम्ही नववीतून शाळा सोडलेले माणूस. पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. विद्वानांच्या पंगतीला बसण्याचा आमचा हक्क नाही. आमच्यापाशी आहे ती थोडी आठवण आणि त्या आठवणीने घातलेले एक कोडे. ते आज आपणांपुढे ठेवायचे आहे.

सन १९८० चा सुमार. आम्ही नऊ वर्षांचे. अंबरनाथ पूर्वेला आमची चाळ होती. चौदा बिऱ्हाडे, दोन नळ आणि एक टेलिव्हिजन. तो टेलिव्हिजन ज्यांच्या घरी होता ते गृहस्थ सरकारी नोकरीत होते. पेटीला लाकडी सरकते दार होते आणि त्याला कुलूप होते. कौलावर अँटेना. वारा सुटला की ती फिरायची, मग एक पोरगा वर चढायचा आणि ओरडायचा, "आलं का?" खालून चौदा बिऱ्हाडे एका आवाजात सांगायची, "गेलं!" एकजूट या गोष्टीशी आमची पहिली ओळख ती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या पडद्यावर आम्ही पुष्कळ मंडळी पाहिली. चिमणराव आणि गुंड्याभाऊ पाहिले. चिं. वि. जोशींनी कागदावर जन्माला घातलेली ती जोडी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हाडामांसाची केली. पण आम्हां पोरांचा जीव ज्याच्यावर जडला होता तो हाडामांसाचा नव्हताच. तो रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसणारा अर्धवटराव.

आपणांतील ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू आले आहे, ते आम्हांला येथून दिसते. मोठे डोळे, सरकन फिरणारी मान, आणि धन्याला उलट उत्तर देणारे तोंड! मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून त्याच मोठ्या माणसाचा पाणउतारा करायचा आणि वर टाळ्या घ्यायच्या, हा प्रकार आम्हांला फार आवडे. आमच्या घरी वडिलांना उलट उत्तर दिले तर काय मिळे, ते टाळ्यांसारखेच वाजत असे, पण निराळ्या ठिकाणी.

चाळीत त्यावरून दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, बाहुला खरेच बोलतो. दुसरा म्हणे, माणूस बोलतो. आम्ही पहिल्या पक्षाचे पुढारी होतो. आमचा पुरावा भक्कम होता: माणसाचे ओठ हलत नाहीत! हा वाद चालू असताना एके रात्री आमचे वडील दुसऱ्या पाळीवरून आले. एका लहानशा इंजिनिअरिंग कारखान्यात ते फिटर होते. दारात उभे राहून त्यांनी दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ओठ काय बघतोस? गळा बघ."

आम्ही गळा पाहिला. बाहुला बोलत होता आणि माणसाच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. फसवणूक उघडी पडल्याचे दुःख झाले म्हणावे, तर तसे नव्हते. उलट, दुसऱ्या वेळी आम्हांला तो खेळ अधिकच आवडला. आता आम्ही दोन गोष्टी पाहत होतो, बाहुला आणि गळा. वडिलांनी शिकवलेला हा पहिला धडा आम्ही पुढे जन्मभर वापरला, तो कसा ते पुढे येईलच.

या विद्येला आपल्याकडे शब्दभ्रम म्हणतात. आवाज कोठे दूर फेकला जातो असे आपणांस वाटते, पण आवाज फेकता येत नाही. तो येतो तेथूनच येतो. कानाला दिशा नीट कळत नाही, डोळा जेथे तोंड हलताना पाहतो तेथून आवाज आला असे मन ठरवते. एवढ्या एका मानवी दुबळेपणावर ही सारी कला उभी आहे. खरी अडचण असते ती आपल्या प-वर्गाची. प, फ, ब, भ, म हे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. तेव्हा कलावंताला ही अक्षरे जिभेच्या युक्तीने, दुसऱ्या ध्वनींच्या आडून काढावी लागतात. आपण घरी जाऊन आरशासमोर ओठ न मिटता 'बाबा' म्हणून पाहावे, म्हणजे पाध्यांच्या तपश्चर्येची कल्पना येईल.

तपश्चर्या हा शब्द आम्ही जाणून वापरतो. अर्धवटराव हे काही टेलिव्हिजनचे अपत्य नव्हे. रामदास पाध्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास त्याला उभे केले. म्हणजे आमच्या वडिलांच्याही आधीचा हा म्हातारा! त्याला आवडाबाई नावाची बायको आहे. रामदास पाध्ये शिक्षणाने यांत्रिक अभियंते. बाहुल्याची मान, जबडा, पापण्या, भुवया यांच्या कळा आतून कशा चालतात हे ज्याला कारखान्यातल्या माणसासारखे कळते, त्याच्याच हाती बाहुला जिवंत होतो. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसणारा ससाही त्यांच्याच हातचा. आज त्या घरातली तिसरी पिढी हे काम करीत आहे.

आणि याच्याही मागे जावे तर वाट फार लांब जाते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे आपण सारे जाणतो. पण त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे त्या बाहुल्यांना पुन्हा चालते-बोलते केले ते रामदास पाध्यांनीच. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. देवळातल्या उत्सवात रात्र जागवणाऱ्या या मंडळींनी पोटाला चिमटा घेऊन ही कला टिकवली, हे आपण त्यांचे कौतुक करताना विसरू नये.

आपल्या इथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत लहानपणी आम्ही राजस्थानी कठपुतळीवालेही पाहिले. खाट आडवी लावायची, तिला पडदा बांधायचा आणि तोंडात बांबूची नि चामड्याची बारीक शिट्टी धरून त्या किनऱ्या आवाजात राजाराणीची भाषा बोलायची. त्या शिट्टीचे शब्द कोणाला कळत नसत. म्हणून ढोलकीवाली बाई ते मोठ्याने पुन्हा सांगे. राजा बोले, पण राजाचे म्हणणे लोकांना सांगे ती त्याची मजूर बाई! आम्हांला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे युनियनमध्ये आल्यावर वाटले.

परदेशांतही याच चाळ्याने मोठमोठ्या लोकांना वेड लावले आहे. अमेरिकेत एडगर बर्गन नावाचे एक शब्दभ्रमकार होते. त्यांचा चार्ली मॅकार्थी नावाचा बाहुला १९३७ पासून वर्षानुवर्षे रेडिओवर गाजला. रेडिओवर, लक्षात घ्या! जेथे ओठ हलतात की नाही हे पाहण्याची सोयच नाही, तेथेही लोकांनी बाहुल्याला बाहुला म्हणून मानले. जिम हेन्सन यांच्या मपेट्सनी १९७६ पासून टेलिव्हिजन गाजवला आणि १९७९ साली त्यांचा स्वतंत्र चित्रपट निघाला. आज तिकडची पन्नाशीची माणसे त्या चित्रपटाची आठवण निघाली की हळवी होतात म्हणे. आपणही होतो. आपला तो चित्रपट म्हणजे १९९३ सालचा 'झपाटलेला'.

आता कोणी म्हणेल, 'झपाटलेला' टेलिव्हिजनवरून आला नाही, तो आला 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या इंग्रजी चित्रपटाच्या कल्पनेवरून. खरे आहे. परंतु मराठी माणूस तो पाहायला गेला तो टेलिव्हिजनवरच्या बोलक्या बाहुल्याची ओळख मनात घेऊन. चित्रपटातला बाहुला घडवला रामदास पाध्यांनी. तात्या विंचू हा गुंड रंगवला दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे आमच्या चिमणरावांनी! ज्या दोन माणसांनी आमचे बालपण हसवले, त्याच दोघांनी मिळून पुढच्या पिढीच्या बालपणाला घाबरवले. महेश कोठारे यांनी ते जमवून आणले आणि मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांना उभे केले.

गोष्ट आपणांस पाठ आहे. तात्या विंचू एका बाबाकडून असा मंत्र मिळवतो की त्यायोगे आत्मा दुसऱ्या कशातही घालता यावा. पोलिसाची गोळी लागून मरता मरता तो आपला आत्मा जवळच्या बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या हाती. लक्ष्या साधाभोळा, त्याला शब्दभ्रमाचे वेड. बाहुल्याला आता पुन्हा माणूस व्हायचे आहे आणि त्यासाठी हवा आहे लक्ष्याचाच देह. लक्ष्या जीव तोडून सांगतो की हे सारे बाहुला करतो आहे. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

तेव्हा आम्ही बावीस वर्षांचे होतो, एका कारखान्यात हेल्पर होतो. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. पहिल्या पगारातून त्याला चित्रपट दाखवायचे कबूल केले होते, ते चौथ्या पगाराला जमले. मध्यंतरापूर्वी तो हसत होता. मग बाहुला एकटाच चालू लागला आणि त्याने आमचा दंड धरला. शेवटी तर तो खुर्चीखाली जाऊन बसला आणि खालून विचारू लागला, "दादा, गेला का?" आम्ही म्हणालो, "अरे, बाहुला तो. गळा बघ." तो म्हणाला, "कोणाचा?"

बंधुभगिनींनो, आम्ही आजवर पुष्कळ साहेबांचे, वकिलांचे आणि पुढाऱ्यांचे प्रश्न ऐकले. याइतका अचूक प्रश्न ऐकला नाही. अर्धवटरावाच्या शेजारी त्याचा धनी उघड बसलेला असतो. एक हात बाहुल्याच्या पाठीत आहे हे साऱ्या जगाला दिसते. म्हणून बाहुला कितीही फाजील बोलला तरी आपण हसतो. तात्या विंचूच्या शेजारी कोणी नाही. त्याच्या पाठीत हात नाही. धनी बाहुल्याच्या आत जाऊन बसला आहे. ज्या बाहुल्याचा धनी दिसतो त्याचे हसू येते, ज्याचा दिसत नाही त्याची भीती वाटते. खेळ तोच, पण गळा नाहीसा झाला की खेळाचे भूत होते.

त्यानंतर ती मुले मोठी झाली. तोच चित्रपट टेलिव्हिजनवर दर सुटीत लागू लागला. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला. आता चाळिशीला टेकलेली ती मुले तात्या विंचूचे नाव निघाले की एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. भीतीचेसुद्धा गोड लोणचे होते, फक्त ते मुरावे लागते. याला आपले लेखक स्मरणरंजन म्हणतात. शब्द सुरेख आहे. पण त्यातल्या 'रंजन' या अर्ध्या भागाबद्दल आम्हांला थोडी शंका आहे.

कारण आमची आठवण सांगताना आम्ही आपणांस सांगितले, चौदा बिऱ्हाडे एका पडद्यासमोर बसत. तसे सांगायला बरे वाटते. परंतु खरे असे होते की आत बसायला मिळे ते नऊ-दहा बिऱ्हाडांना. बाकीची मुले खिडकीच्या गजांना लोंबकळत. टेलिव्हिजनवाल्या काकू स्वभावाने चांगल्या होत्या, पण पाय धुऊन या म्हणायच्या आणि कोणाचे पाय धुतले तरी धुतलेले नाहीत हे त्यांना दिसायचे. आमच्या आईने अर्धवटराव कधी पाहिलाच नाही. ती नळाला पाणी येण्याची वेळ होती. आम्ही घरी येऊन तिला सारा खेळ करून दाखवायचो. ती भाकऱ्या थापता थापता हसायची. ते हसणे बाहुल्यासाठी नव्हते हे कळायला आम्हांला आई जाईपर्यंत वेळ लागला. असो.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. तेथेच आमचे कोडे आहे.

आमचा धाकटा भाऊ बारावीपर्यंत शिकला, आमच्यापेक्षा तीन इयत्ता अधिक. २००६ साली याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात तो कामाला लागला. कारखान्याचे नाव आम्ही सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण कागदोपत्री तो त्या कारखान्यात नव्हताच. तो ठेकेदाराकडे होता. तेरा वर्षांत चार ठेकेदार झाले. चार गेटपास झाले. त्यांवर त्याचे आडनाव तीन प्रकारांनी लिहिलेले होते. प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर बदलला, सेवा दर वेळी पहिल्या दिवसापासून धरली गेली. बदलले नाही ते इतकेच: यंत्र तेच, सुपरवायझर तोच, चहाचा ग्लास ठेवायची खिडकीसुद्धा तीच. चित्रपटात आत्मा एक आणि देह बदलायचा असतो. इथे देह एक आणि मालकाचे नाव बदलत होते.

२०१९ साली एका सोमवारी त्याचा आणि आणखी अकरा जणांचा गेटपास चालेना. आम्ही तक्रार दाखल केली. एका कार्यालयात सुनावणी लागली. एका बाजूला आम्ही आणि बारा कामगार, दुसऱ्या बाजूला ठेकेदार. त्याच्या मागच्या खुर्चीवर कारखान्याचे एक अधिकारी, हातात मोबाइल घेऊन, जणू सहज सावलीला बसावे तसे बसलेले. ठेकेदाराला विचारले, यांना का कमी केले? तो म्हणाला, मी तीन महिन्यांपूर्वीच ठेका घेतला, मला माहीत नाही. विचारले, तेरा वर्षांचे काय? म्हणाला, ते आधीच्याला विचारा. आधीचा कोठे आहे? ते मला माहीत नाही. प्रत्येक उत्तरापूर्वी त्याची मान किंचित मागे वळे. मागचे अधिकारी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

आमचा भाऊ आमच्या कानाशी लागला आणि म्हणाला, "दादा, झपाटलेला."

आम्हांला त्या जागी हसू आले. मग वडिलांचे वाक्य आठवले. आम्ही ठेकेदाराचा नाद सोडला आणि उभे राहून म्हणालो, "आमचे प्रश्न मागच्या खुर्चीला आहेत." १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला तेव्हापासून त्यात एक तत्त्व आहे, आणि नव्या संहितेतही ते राहिले आहे: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाला द्यावी लागते. कायदा करणाऱ्यांनीसुद्धा ओळखले होते की ओठांवर थांबून चालणार नाही, गळा शोधावा लागेल. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. चांगले बोललो, असे वकीलही म्हणाले. पुढे सात महिन्यांनी थकलेली मजुरी आणि बोनस बारा जणांना मिळाला. काम मिळाले नाही.

पेढे वाटायचे की नाही हे कळेना, म्हणून आम्ही भजी मागवली. भाऊ गप्प होता. आम्ही विचारले, "काय झाले? पैसे तर मिळाले." तो म्हणाला, "दादा, राग मानू नकोस. तिकडून ठेकेदार बोलला. इकडून तू बोललास. मध्ये आम्ही बारा जण बसलो होतो. सात महिन्यांत एकदा तरी कोणी आम्हांला विचारलं का, तुम्हांला काय पाहिजे? मला पैसे नको होते. त्या मशीनवर मी तेरा वर्षं होतो एवढं एका कागदावर लिहून पाहिजे होतं. ते तू मागितलंच नाहीस."

आम्ही काय उत्तर देणार? आम्ही म्हणालो, "मी तुमच्यासाठीच बोलत होतो." तो म्हणाला, "हो ना. अर्धवटरावसुद्धा स्वतः कुठे बोलतो?"

बंधुभगिनींनो, तीस वर्षे आम्ही मालकांचा गळा शोधीत हिंडलो. आमचा स्वतःचा गळा कोणी पाहिला असेल हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. सभेत आम्ही विचारायचो, "मंजूर आहे का?" आणि पाचशे हात वर जायचे. एका क्षणी, एका रेषेत. आम्हांला त्याचा केवढा अभिमान! आता त्या हातांकडे पाहिले की मनात येते, पाचशे माणसे एकाच क्षणी, काही न विचारता, हात वर कधी करतात? एकतर त्यांचे मन एक झालेले असते, नाहीतर त्यांच्या हातांना दोरी असते. यांतले कोणते, हे व्यासपीठावरून दिसत नाही. आम्हांला दिसत नव्हते, एवढे आम्ही आज कबूल करतो.

यावर कोणी म्हणेल, मग पुढारी नकोच. तसे आमचे म्हणणे नाही. लक्ष्या जीव तोडून सांगत होता आणि कोणी विश्वास ठेवीत नव्हते. एकट्या माणसाचे खरे बोलणेसुद्धा जगाला वेड वाटते. त्याच्या बाजूने उभे राहून 'हा खरे सांगतो' म्हणणारा कोणीतरी लागतोच. युनियन त्यासाठी आहे. पण बाजूला उभे राहणे वेगळे आणि पाठीत हात घालणे वेगळे.

आता शेवटी एका शब्दाविषयी बोलून आम्ही आपली रजा घेतो. तो शब्द 'सूत्रधार'. पिशेल नावाचे एक जर्मन पंडित होऊन गेले. त्यांनी १९०० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की संस्कृत नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांची सूत्रे धरणारा, आणि आपले नाटक बाहुल्यांच्या खेळातून आले. हे सर्व पंडितांना मान्य झाले असे नाही, आणि त्या वादात पडण्याची आमची पात्रता नाही. परंतु ग्रंथालयाच्या त्याच बाकावर आम्हांला या शब्दाचा दुसरा अर्थ सापडला. आपल्या शिल्पशास्त्रात सूत्रधार म्हणजे देऊळ बांधणारा. हातात मोजणीची दोरी धरणारा. आपला 'सुतार' हा शब्दही याच घराण्यातला, असे जाणकार सांगतात.

म्हणजे दोरी एकच, पण तिचे उपयोग दोन. एका दोरीने दुसऱ्याचा हात ओढता येतो. दुसरीने भिंत सरळ आहे की नाही हे पाहता येते, आणि ती दोरी, तो ओळंबा, कोणाच्याही हाती दिला तरी तेच उत्तर देतो. मालकाच्या हाती निराळे आणि मजुराच्या हाती निराळे, असे तो सांगत नाही.

येथून चार पावलांवर आपले शिवमंदिर उभे आहे. शके ९८२, म्हणजे सन १०६०, ही त्याच्या शिलालेखातली साल. शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आपण मुलांना पाठ करून घेतो, आणि ते योग्यच आहे. मात्र काळ्या फत्तरावर मूर्तीमागून मूर्ती घडवीत गेलेले ते शेकडो हात कोणाचे, त्यांचे एक नाव आपल्या ओठांवर येत नाही. राजा बोलला, दगड घडला, असा आपला इतिहास. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की डोक्यावर आकाश दिसते आणि बाजूंच्या भिंती नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ सरळ उभ्या दिसतात. त्या सरळपणाला राजाचा आवाज पुरेसा नव्हता. तेथे कोणाच्या तरी हातात ओळंबा होता.

गेल्या सहा वर्षांत आम्ही आमच्या गेट मीटिंगची रीत थोडी बदलली आहे. आधी कामगार बोलतो, आम्ही शेवटी. बोलणे अडखळते, लांबते, कधी विषय सोडून जाते. प-वर्ग तर सोडाच, सारी बाराखडीच काहींच्या घशात अडकते. परवा एका मीटिंगला एक बाई उभ्या राहिल्या आणि चार मिनिटे काही न बोलता फक्त पदर सारखा करीत राहिल्या. जुन्या सवयीने आम्ही माईककडे हात नेला. मग तो मागे घेतला. पाचव्या मिनिटाला त्या बोलल्या. बारा-पंधरा शब्द. कारखान्यातल्या बायकांना पाळी संपेपर्यंत पाणी पिता येत नाही, कारण जायला जागा नाही, म्हणून. आमच्या मागण्यांच्या यादीत बावीस कलमे होती. हे त्यांत नव्हते. आता ते पहिले आहे.

भावाला तो कागद मिळालेला नाही. त्यासाठी आम्ही वेगळा अर्ज केला आहे. मसुदा त्याने स्वतः लिहिला, आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले, आणि त्याने त्यातल्या दोन दुरुस्त्या नाकारल्या. तो आज येथे मागच्या रांगेत, त्याच्या मुलीला घेऊन बसला आहे. ती आठ वर्षांची आहे. परवा तिने टेलिव्हिजनवर 'झपाटलेला' पाहिला. आम्ही विचारले, "भीती वाटली का?" ती म्हणाली, "वाटली. पण मी डोळे मिटले नाहीत."

चिटणीसांनी आम्हांला विचारले होते, नक्की बाहुल्याच ना? त्यांच्या वहीतला विषय आम्ही पाळला की नाही, हे त्यांनी ठरवावे. एक विनंती करून आम्ही खाली बसतो. पुढच्या वर्षी या ठिकाणी आम्हांला बोलावू नका. मागच्या रांगेतून कोणाला तरी बोलवा. आम्ही समोर बसून ऐकू, पाय धुऊन येऊ.